पाणी बघितलासा का?

“भंगारवाला बाहेर ताटकळलाय आन् तू बॉनेट उघडून काय बसलीयास गं?” भूपालमामा शेडच्या दारातूनच ओरडला.

“त्याला जायला सांगा, मामा. गाडी भंगारात द्यायची नाही.”

“मग काय पूजा मांडायची हाय तिची? इतकी वर्षं उंदरं नांदल्यात आत. इंदू, सांग की तुझ्या लेकीला.”

इंदू म्हणजे माझी आई. ती पदराने नाक दाबून दाराशी उभी होती. मामा तिचा थोरला भाऊ आणि तिचं सगळं माहेर त्या एका माणसात येऊन संपलेलं. ती म्हणाली, “राजी, दादा एवढ्या उन्हातनं गिऱ्हाईक घेऊन आलाय. जाऊ दे की. ह्या गाडीनं काय आपली कमी अब्रू घालवलीय?”

अब्रू गाडीने घालवली नव्हती. कुणी घालवली याचा मला दाट संशय होता, फक्त हातात काही नव्हतं. मी पान्हा खाली ठेवला नाही. मामा पुटपुटत निघून गेला. मामाशी बोलताना मी अहो-जाहो करते, लिहिताना करणार नाही. तेवढा मान त्याने माझ्यापाशी शिल्लक ठेवलेला नाही.

जयसिंगपूरला आमची पिठाची गिरणी होती आणि शेड तिच्याच मागे. आण्णा, म्हणजे माझे वडील पायगोंडा मगदूम, गिरणीचं ऑइल इंजिन स्वतःच खोलायचे आणि स्वतःच बसवायचे. त्यांनी हौसेनं एक गाडी घेतली होती. बदामी रंगाची, पेट्रोलवर चालणारी, घरातली सगळी मावतील अशी. तिच्या इंजिनाची माहिती ते पाहुण्यांना आपल्या पोरीचे मार्क सांगावेत तशी सांगत. चार सिलिंडर, अकराशे सीसी, तेल साडेतीन लिटर, आणि ते तेल काळं पडायच्या आत बदलायचं. दर रविवारी ते बॉनेट उघडत, प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून बघत. शेवटी रेडिएटरचं झाकण काढून तांब्याने पाणी घालत आणि मला वाकून आत बघायला लावत.

“कुठवर आलं?”

“गळ्यापर्यंत.”

“दिसलं?”

“दिसलं.”

मग झाकण लागायचं. मी ‘दिसलं’ म्हटल्याशिवाय गाडी कधी शेडबाहेर पडली नाही. पुढे मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि सांगली रस्त्याला गॅरेज टाकलं, त्याची सुरुवात या तांब्यापासून आहे.

आता त्या लग्नाचं सांगते. माझ्या मामेबहिणीचं, त्रिशलाचं लग्न मामाच्या गावी होतं, मे महिन्यात. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. व्याही मंडळींना मिरज स्टेशनावरून आणायला मामाने आमची गाडी मागितली आणि चालवणार मीच म्हणून हटून बसला. आण्णांनी सकाळी पाणी घातलं. तांब्या मीच भरून आणून दिला होता. पाणी गळ्यापर्यंत होतं आणि मी ‘दिसलं’ म्हटलं होतं.

तेवढ्यात मामाची माणसं गाडी सजवायला आली. पुढच्या जाळीवर थर्मोकोलचे दोन मोर आणि त्यावर ‘शेटे परिवार’ लिहिलेला भलाथोरला फलक.

आण्णा म्हणाले, “भूपालराव, जाळीवर काही बांधू नका. इंजिनला वारा लागायला पाहिजे.”

“दाजी, लग्न माझ्या लेकीचं हाय, इंजिनचं न्हाई,” मामा म्हणाला आणि माणसं खो खो हसली. मोर तिथेच राहिले.

दुपारी मांडवाच्या दारात बँड वाजत होता, सुवासिनी ओवाळायला ताटं घेऊन उभ्या होत्या. गाडी आली ती वाफा टाकतच. कमानीपाशी आतून घण मारल्यासारखा आवाज झाला आणि ती जागीच थांबली. व्याही नाकाला रुमाल लावून खाली उतरले. बँड बंद पडला. मग मामाने गाडीचं दार आपटलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, “आमच्या दाजींनी गाडी दिली बरं का, पाणी घालायचं तेवढं विसरले!”

सगळा मांडव हसला. आण्णा व्याह्यांना द्यायचा नारळ हातात घेऊन उभे होते.

मी ओरडले, “घातलं होतं! मी बघितलंय!”

“गप गं. मोठ्यांच्यात बोलायचं न्हाई,” मामा म्हणाला.

आण्णांनी माझा हात धरला आणि मला मागे घेतलं. त्यानंतर मला पंगतीत वाढायला जुंपलं. शेवटच्या पंगतीला मठ्ठा पुरला नाही. मिरजेहून येताना मामाने वाटेतल्या मळ्यातून मठ्ठ्याचे कॅन गाडीच्या डिकीत घालून आणले होते, त्यातला एक कुठे गेला म्हणून आचारी बोंबलत होता. “उन्हानं नासला, वाटेतच ओतून दिला,” असं मामाने सांगितलं आणि विषय मिटला. मला तेव्हा मठ्ठ्याचं काय पडलं होतं!

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. आण्णा एकटेच शेडमध्ये गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. नळावर हात धूत असताना आई त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

“माझ्या माहेरच्या मांडवात माझी मान खाली घातलीसा. तांब्याभर पाणी बघायला काय झालं होतं तुम्हाला?”

आण्णांनी हात पुसले. मग म्हणाले, “चुकलं असेल माझं.”

त्या एका वाक्याचा मला इतका राग आला की मी रात्री जेवले नाही.

ती थट्टा पाहुण्यांबरोबर आमच्या गावातही आली, आणि गाव लहान असलं की थट्टेला मरण नसतं. दळण घेऊन आलेली बाई पाटी ठेवता ठेवता विचारायची, “आण्णा, पाणी बघितलासा का?” देवळात, बाजारात, मयताला गेलं तरी कुणीतरी हळूच विचारायचं. मामा तर आमच्या उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच विचारायचा आणि स्वतःच हसायचा. आणि आई! दिव्यात तेल घालताना, बंब पेटवताना, “नीट बघा, न्हाईतर गाडीसारखं व्हायचं.” तिला ते टोचणं वाटत नसे, सवय झाली होती. आण्णा हातातलं काम चालू ठेवत. त्यांनी गाडी दुरुस्त केली नाही, विकलीही नाही आणि कुणाला बॉनेटला हात लावू दिला नाही. मी डिप्लोमा करून आल्यावर म्हटलं, “एकदा खोलून बघू या,” तर म्हणाले, “राहू दे, राजी. काही इंजिनं खोलायची नसतात.” मला वाटलं, लाज वाटते म्हणून म्हणतात.

आण्णा वारल्यानंतर मामा भंगारवाल्याला घेऊन आमच्या दारात खेपा घालू लागला. बहिणीच्या गाडीची एवढी काळजी त्याला कधीपासून वाटायला लागली, हा प्रश्न मला पडला आणि म्हणूनच त्या दिवशी मी बॉनेट उघडून बसले होते.

मामा गेल्यावर मी पुन्हा आत वाकले. पहिली गोष्ट दिसली ती रेडिएटरचं झाकण. ते तांब्याच्या तारेने आवळून बांधलेलं होतं. तारेच्या टोकाला डावीकडे दिलेला आखूड पीळ होता. गिरणीच्या प्रत्येक तारेवर तसा पीळ आहे. तो आण्णांचा हात होता. झाकण तारेने बांधायचं काही कारण नसतं. माणूस ते बांधतो ते कुणी उघडू नये म्हणून.

मी तार कापली. आत पाणी कधीच आटून गेलं होतं. बोट घातलं तर नखात पिवळट पांढरी खरपुडी आली. पाण्याचा गंज तांबडा असतो. हा गंज नव्हता.

मग मी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. पिस्टन सिलिंडरला धरून बसले होते, गॅस्केट जळालं होतं, हेड वाकलं होतं. गाडी पाण्यावाचून तापली की एवढं होतंच. पण इंजिनात पाणी फिरायच्या ज्या वाटा असतात, त्या सगळ्या बुजलेल्या होत्या. तळाला लागलेलं दुधाचं पातेलं खरवडावं तसं मी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं. खपल्या पडल्या. त्यांत बारीक काळे मणी अडकले होते. मी एक दाताखाली घेतला.

मोहरी होती.

रेडिएटर उलटा करून कोमट पाणी सोडलं आणि झटकला, तेव्हा ओंजळीत मावेल एवढी मोहरी पडली. तिच्यात कढीपत्त्याचा एक काळा देठ होता. आणि वास आला, आंबट ताकाचा. आमच्या भागात लग्नात मठ्ठा जिऱ्याचा करतात. मोहरी-कढीपत्त्याची चरचरीत फोडणी देतात ती फक्त आमच्या आजोळी, आणि मामाला त्याचा केवढा गर्व!

मी तिथेच जमिनीवर बसले. सगळं एकापाठोपाठ एक जुळत गेलं. जाळीवर मोर बांधल्यामुळे वारा बंद झाला, इंजिन तापलं, रेडिएटर उकळून रिकामा झाला. मे महिना, कालवे कोरडे, आत व्याही बसलेले. मामाने बॉनेट उघडलं, डिकीतून एक कॅन काढला आणि तापून लाल झालेल्या इंजिनात गार मठ्ठा ओतला. ताक फुटलं, वाटा बुजल्या, आणि तशीच गाडी दामटत तो मांडवापर्यंत आला. कॅन नासला नव्हता. आमचं इंजिन नासलं होतं.

आणि आण्णांना हे दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावून तारेने बांधलं आणि बाहेर येऊन बायकोला सांगितलं, चुकलं असेल माझं. खरं सांगितलं असतं तर तिचं माहेर तुटलं असतं. म्हणून ते जन्मभर थट्टा गिळत राहिले. मला रडू आलं, पण त्याच्यापेक्षा राग जास्त आला. आण्णांनी माफ केलं असेल, मी करणार नव्हते. मला मामा हवा होता, चारचौघांत, मान खाली घातलेला.

मी कुणाला काही सांगितलं नाही, आईलाही नाही. फोनवर कबुली घेऊन मला काय करायचं होतं? जी तोंडं हसली होती त्यांच्यासमोर ती हवी होती. मोहरी आणि तो कढीपत्त्याचा देठ, न धुता, नुसते वाळवून एका डबीत भरले. आणि इंजिन बांधायला घेतलं, कारण या सुडाला गाडी चालती हवी होती. इंजिनाचा ब्लॉक सिलिंडर घासून घ्यायला बोअरिंगला दिला, नवे पिस्टन घातले, हेड घासून सपाट करून आणलं, पाण्याच्या वाटा ब्रशने आणि अ‍ॅसिडने साफ केल्या. जुनं इंजिन, पण जात इमानी. लोखंडात कुठे तडा नव्हता. ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी मी त्याला गरम होईपर्यंत चालू ठेवलं. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला आणि हलला नाही.

आई गिरणीतून धावत आली. “चालू झाली व्हय गं?”

“झाली. मामाच्या पंचाहत्तरीला हिच्यातनंच जाऊ.”

“दादाला लई आनंद होईल,” ती म्हणाली. मी बॉनेट खाली केलं.

मामाची पंचाहत्तरी त्याच मैदानावर होती, तसाच मांडव, तशीच कमान. अर्धं गाव, सगळे पाहुणे, त्रिशलाचे सासरे चौगुलेही आले होते. मामा फेटा बांधून कमानीपाशी खुर्ची टाकून बसला होता. मी गाडी बरोबर त्याच्यासमोर आणून थांबवली. त्याने बदामी रंग बघितला आणि त्याचं हसू क्षणभर अडकलं. पण सवय वाईट. लोक बघतायत म्हटल्यावर तो मोठ्याने म्हणाला, “या, या, राजमतीबाई! पाणी बघितलंस का?”

मांडव हसला. मी याचीच वाट बघत होते.

“बघितलं, मामा. गळ्यापर्यंत आहे. तुम्हाला वाढदिवसाची भेट आणलीय, हात पुढं करा.”

त्याने उठून दोन्ही हातांची ओंजळ केली. त्याला वाटलं, कुठल्या तीर्थक्षेत्राचा प्रसाद आणलाय. मी डबी उघडून ओंजळीत रिकामी केली.

“ही काय मोहरी?”

“ओळखा की. तुमच्याच घरची फोडणी आहे. आण्णांच्या इंजिनातनं काढली.”

त्याचा चेहरा उतरला तो सगळ्यांनी बघितला. मी चौगुल्यांकडे वळले. “काका, लग्नाच्या दिवशी वाटेत गाडी तापली होती ना? मामांनी काय ओतलं होतं?”

चौगुले सरळ माणूस. ते म्हणाले, “आम्ही आत बसलो होतो, बॉनेट वर होतं. डिकीतनं कॅन नेला एवढं दिसलं. पाणीच आसंल म्हटलं.”

“मठ्ठा होता,” मी म्हटलं, आणि मुद्दाम सावकाश म्हटलं, म्हणजे मागच्या खुर्च्यांपर्यंत जावं. “आण्णांनी पाणी घातलं होतं. मामांनी जाळीवर मोर बांधले, इंजिन तापवलं, मठ्ठा ओतून ते मारलं आणि इथं, ह्याच कमानीखाली, नाव आण्णांचं घेतलं.”

आता कुणी हसत नव्हतं. मामा ओंजळ तशीच धरून उभा होता. टाकावी तर सगळ्यांसमोर टाकावी लागत होती, ठेवावी तर कुठे ठेवणार?

“आगं, आता काय उकरून काढायचं ते,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पावणं आत बसलेलं, पाणी मिळंना. मी तरी काय करू? दाजी घरातलं माणूस. त्यांनी जरा सोसलं, काय बिघडलं?”

एवढंच ऐकायला मी आले होते. काम झालं होतं. मला नाचावंसं वाटायला हवं होतं, आणि खरं सांगते, वाटतही होतं. तेवढ्यात मला आई दिसली.

ती गाडीतून उतरून माझ्यामागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं. तिने भावाच्या ओंजळीतल्या मोहरीत बोट घातलं, देठ उचलला, नाकाशी नेला. ज्या घरात ती वाढली त्या घरचा वास तिला कुणी शिकवायला नको होता.

“त्यास्नी ठाऊक होतं?” तिने मला विचारलं.

“दुसऱ्या दिवसापासनं. झाकण तारेनं बांधून ठेवलं होतं त्यांनी.”

“आन् मला म्हणाले, चुकलं असेल माझं.” ती हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. तिचा चेहरा बघून माझ्या आनंदाची धार गेली. मी नेम मामावर धरला होता, पण इतकी वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ टोमणे मारणारी ती होती, आणि हे तिला त्या क्षणी कळत होतं.

मामी परिस्थिती सावरायला मठ्ठ्याचे पेले भरलेला ट्रे घेऊन लगबगीने आली. “वन्सं, आधी गार मठ्ठा घ्या बघू. उन्हातनं आलाय.”

आईने पेला उचलला. क्षणभर मला वाटलं, पिते आता, आणि सगळं पुन्हा झाकलं जाणार. तिने तो पेला भावासमोरच्या टेबलावर ठेवला.

“मला नको, वैनी. दादाला ठेवा. त्याच्या गाडीला लागंल.”

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग तोंड दाबून दाबून सगळा मांडव हसला. त्या गावात आजही पंगतीत मठ्ठा आला की पोरं ‘इंजिनाचं कूलंट आलं, कूलंट’ म्हणतात. मामा त्यानंतर बरीच वर्षं जगला, पण पंगतीला बसला नाही. मला त्याची दया कधी आली नाही.

आई फिरली आणि गाडीत न बसता पुढे जाऊन बॉनेटपाशी उभी राहिली.

“उघड.”

“आई, सकाळीच बघितलंय मी.”

“तू बघितलंस. मी न्हाई बघितलं. उघड.”

मी बॉनेट उघडलं. इंजिन अजून तापलेलं होतं, म्हणून थांबलो. मांडवातलं कुणी जागचं हललं नाही. मामा पुन्हा खुर्चीत बसला होता, मुठीत मोहरी आवळून. इंजिन निवल्यावर मी फडक्याने धरून झाकण काढलं, पाणी बोटभर उतरलं होतं. आईने पिण्याच्या पाण्याच्या पिंपातून तांब्या भरून आणला आणि बारीक धार धरली, आण्णा धरायचे तशी, एक थेंब बाहेर सांडू न देता.

“कुठवर?” तिने विचारलं.

“गळ्यापर्यंत.”

तिने तांब्या खाली ठेवला, पदर सावरला, वाकून आत बघितलं.

“दिसलं,” ती म्हणाली.